कोरे कंदील

एगाशिरा तोमिएला रागवता येत नाही. मला येतं, आणि आमचं इतकी वर्षं जमलं ते बहुतेक त्यामुळेच. कंदील आळीत तिचं घर आणि माझं चहाचं दुकान समोरासमोर आहे. मधला रस्ता इतका अरुंद की ती शिंकली तर मी गल्ल्यावर बसून तब्येतीची चौकशी करते. ती सून म्हणून आळीत आली तेव्हा मला येऊन थोडेच दिवस झाले होते. तेवढ्यावर मी तिची थोरली झाले आणि ते थोरलेपण मी आजवर सोडलेलं नाही.

तिचा सासरा कंदील करायचा, त्याचा बापही तेच. लग्नाची फुलं सुकायच्या आत सासूने तिला साच्यापुढे बसवलं. लाकडी पट्ट्यांच्या साच्यावर बांबूची बारीक कामटी वरपासून खालपर्यंत एकाच वळणात फिरवत न्यायची, खळ लावून कागद डकवायचा, कागदावर कागद चढेल तिथे वस्तऱ्याने छाटायचा, आणि वाळला की साचा आतल्या आत मोडून वरच्या तोंडातून काढून घ्यायचा. ऐकायला सोपं आहे. मी एकदा हौसेने हात लावला आणि कागदाला भोक पाडलं. तोमिए म्हणाली, "वा, काय छान गोल पडलंय!" मी असते तर हाकलून दिलं असतं.

कागद बाईने चढवायचा, चित्र पुरुषाने काढायचं, अशी त्या घरातली वाटणी होती. तिचे यजमान सेइगो-सान चित्रं काढायचे. आमच्याकडे हे काम झपाट्याचं असतं. समोर नमुना नाही, पेन्सिलीची रेघ नाही, कुंचला बुडवला की थेट शेवंती, नाहीतर शरदातलं गवत, नाहीतर एखादं चुकार पाखरू. काढताना सेइगो-सान तोंडाने बेसबॉलच्या संघाला शिव्या घालत असायचे. कोणी नमुना मागितला तर म्हणायचे, "नमुना बघून काढायचं म्हणजे पुस्तक उघडं ठेवून परीक्षा द्यायची. ते मास्तरांना जमतं, मला नाही." तोमिए शेजारी बसून एकेक कंदील त्यांच्या हातात देत राहायची. मुलंबाळं झाली नाहीत. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही कधी खोदलं नाही.

गेल्या थंडीत सेइगो-सानांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. जड झालेली जीभ वसंतात सुटली, पण डोकं अधूनमधून भरकटायला लागलं, संध्याकाळी जरा जास्तच. डॉक्टर म्हणाले, "पाय थोडाफार येईल. हाताचं काही सांगता येत नाही." मला त्यात नकार ऐकू आला. तोमिएने "सांगता येत नाही" एवढंच धरून ठेवलं.

ती कंदील करत राहिली. मी म्हटलं, खालच्या पुलाजवळच्या चित्रकाराकडे पाठवा, तो बरा काढतो. ती म्हणाली, "हे यांचे आहेत." रोज सकाळी एक कोरा कंदील वर न्यायचा, अंथरुणाशेजारी ठेवायचा, शाई घोटून कुंचला मांडायचा. संध्याकाळी कंदील तसाच कोरा खाली. खालच्या खोलीत रास वाढत गेली, आधी कोपऱ्यात, मग भिंतीला लागून, मग रस्त्यावरून दिसेल अशी. ती रास सारखी नजरेला पडू नये म्हणून मी गल्ल्यावरची माझी बैठक फिरवून घेतली.

कारण कोरा पांढरा कंदील आमच्याकडे एकाच प्रकारच्या घरावर लागतो. ऑगस्टात बोनच्या सणाला पितर घरी येतात. जुन्यांना वाट माहीत असते, त्यांच्यासाठी फुलांचे कंदील. पण ज्या घरातलं माणूस त्या वर्षात गेलंय, त्या घराच्या वळचणीला कोरा पांढरा टांगायचा, नव्याने गेलेल्याला आपलं घर सापडावं म्हणून. दुरून पांढरं दिसलं की जाणारे-येणारे आवाज खाली आणतात. असे कंदील तोमिएच्या घरी मागणी आली तरच करायचे, कागदात गुंडाळून मागच्या दाराने द्यायचे, आणि पुढे लोक ते देवळात नेऊन जाळायचे. खोलीतली रास तसली नव्हती. तिच्यावर चित्र यायचं होतं, एवढाच फरक. पण तो फरक वरच्या मजल्यावर पडलेल्या एका हातावर अवलंबून होता.

"तोमिए-सान, निदान चादर तरी टाका त्यावर," मी एकदा म्हटलं.

"झाकले तर यांना वाटेल मी आशा सोडली."

"ते वर झोपलेत. त्यांना काय दिसतंय!"

"मला दिसतं ना," ती म्हणाली.

मे महिन्यात, नव्या चहाची झुंबड चालू असताना, तो कुझे आला. जुन्या कारागिरीला नव्या डिझाइनच्या लोकांसमोर आणायचा महोत्सव आमच्या गावात भरणार होता आणि त्याची मांडणी कुझेकडे होती. तिशीतला, काटकुळा, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत, आणि इतका सभ्य की मांजराला पण वाट द्यायचा. बाप नोकरीसाठी जर्मनीत गेलेला, हा ड्युसेलडॉर्फमध्येच वाढला, असं कानावर आलं होतं. पण तोंडवळा आमचाच, भाषा आमच्याहून शुद्ध. आणि तोंडवळा आमचा असला की आम्ही धरून चालतो, या माणसाला न बोललेलंही ऐकू येणार. परक्या चेहऱ्याचा कोणी असता तर पहिल्याच दिवशी चार पोरांनी त्याला हातवारे करून सगळं समजावलं असतं.

मी तिथेच होते, चहा घेऊन गेले होते. कुझे खोलीत शिरला, ती रास बघितली आणि चक्क गुडघ्यांवर बसला.

"हे," तो म्हणाला. "हे असेच. यांवर काही काढू नका. इतकं शांत काही मी आजवर बघितलेलं नाही."

तोमिए म्हणाली, "हे... जरा..."

आमच्यात "जरा" म्हणून वाक्य सोडून दिलं की विषय मिटला. दुकानात, लग्नाच्या बोलण्यांत, सगळीकडे. नकार त्या सोडून दिलेल्या जागेत असतो. ऐकणाऱ्याने तो उचलायचा, "बरोबर आहे" म्हणायचं आणि हवापाण्याकडे वळायचं.

कुझे थांबला. मान कलती करून, अगदी मन लावून थांबला. मग म्हणाला, "जरा काय?"

तोमिएला उभ्या जन्मात हे कोणी विचारलं नव्हतं. ती कानापर्यंत लाल झाली, माझ्याकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं. शेवटी म्हणाली, "जरा... धूळ बसलीय."

"एवढंच ना? पुसू या की, आजी!"

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण रस्ता ओलांडून दुकानात येईपर्यंत ते हसू टिकलं नाही. कुझेने जाता जाता बेत सांगितला होता. ऑक्टोबरात महोत्सव, आणि त्या दिवसांत आळीतल्या प्रत्येक घराच्या वळचणीला एक कोरा कंदील, आत दिवा. पहिला अर्थात एगाशिरांच्या घरावर.

मग आळीची बैठक झाली. आमचे प्रमुख उशिजिमा-सान, सोया सॉसच्या दुकानाचे मालक. अंगाने पिंपासारखे, धीर मात्र बशीएवढा. कुझेने पडद्यावर चित्रं दाखवली, आमचीच आळी, टोकापासून टोकापर्यंत पांढरी.

उशिजिमा-सानांनी दातांतून लांब श्वास आत ओढला. "कल्पना उत्तमच आहे," ते म्हणाले. "पण आळीला म्हणून... जरा..."

"कठीण दिसतंय," मागून कोणीतरी पुटपुटलं. "विचार करून बघू," आणखी कोणी.

तीन वेळा नकार दिला आम्ही, तोही आमच्या मानाने धडधडीत. कुझे उठला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "कठीण आहे हे मलाही माहीत आहे. म्हणूनच आपण सगळे मिळून करू या! विचार करायला तयार झालात, आभारी आहे." त्याने टाळ्या वाजवल्या. एक माणूस टाळ्या वाजवतोय आणि बाकीचे हात मांडीवर ठेवून बसलेत, हे आमच्याच्याने बघवेना. आम्हीही वाजवल्या.

बाहेर पडल्यावर मी उशिजिमा-सानांना गाठलं. "प्रमुख ना तुम्ही? सांगायचं की सरळ."

"सांगितलं की, इसोनो-सान! चांगला श्वास ओढला मी."

"त्याला वाटलं तुमचा दात दुखतोय."

"मग तुम्ही सांगा. तुमच्या जिभेला तर धार लावायचीही गरज नाही."

"सांगतेच," म्हणाले आणि तशीच तोमिएकडे गेले. ती साच्यावर कामटी फिरवत होती. मी म्हटलं, त्या पोराला उद्या मी दुकानात बसवते आणि पांढऱ्याचा अर्थ काय ते कानात ओतते.

"नको," ती म्हणाली.

"का नको?"

"पांढरा का चालत नाही ते सांगितलं, की तो विचारणार, मग तुमच्याकडे एवढे कशाला? मग म्हणावं लागेल, चित्र काढणारे आजारी आहेत. मग तो विचारणार, बरे कधी होतील?" तिचा हात थांबला नव्हता. "तो शेवटपर्यंत विचारतो हो, इसोनो-सान. आणि त्याचं उत्तर माझ्या तोंडून नको निघायला. निघालं तर खरं होईल."

"आणि दारावर टांगल्यावर नाही होणार?"

तिने कामटीचं टोक साच्यावर दाबून बसवलं. मग म्हणाली, "ऑक्टोबर लांब आहे. तोवर यांचा हात येईल. हात आला की सगळ्यांवर फुलं काढतील हे, झपाट्यात. मग त्याला कोरा कंदील मिळणारच नाही. कोणाला काही सांगायला नको."

असा तिचा हिशोब. तिच्या डोक्यात ती दोन टोकं घट्ट बांधली गेली होती. कंदिलांवर चित्र आलं तर नवरा राहिला, कोरे बाहेर पडले तर गेला. मला राग आला, तिचा नाही, त्या हाताचा. आणि थोडी भीतीही वाटली, कारण ती शांतपणे, हसतमुखाने बोलत होती.

तिने उन्हाळाभर तो हात चोळला. गरम पाण्यात बुडवला, एकेक बोट उघडून मिटवलं. ऑगस्टच्या शेवटी एकदा सेइगो-सानांनी कुंचला डाव्या हाताने उचलला. तिने मला खिडकीतून हाक मारली, मी धावत वर गेले. त्यांनी कंदिलावर कुंचला टेकवला आणि एक मोठा डाग पडला. ते त्या डागाकडे बघत राहिले.

"हे कोणाचं काम?" त्यांनी विचारलं.

तोमिएने त्यांच्या हातातून कुंचला काढून घेतला.

"कोण असेल त्याला काढून टाक," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. तिने तेवढा कागद वस्तऱ्याने काढला आणि त्या जागी नवा पांढरा डकवला.

ऑक्टोबर आला. सकाळी कुझेची माणसं पांढरे हातमोजे घालून दारात उभी राहिली. तोमिएने रास त्यांना उचलू दिली नाही. उंबऱ्यावर बसून एकेक कंदील तिने त्यांच्या हातात दिला. काम चालू असताना ती हसत होती, "सांभाळून हं, सांभाळून" म्हणत होती. शेवटचा देऊन झाल्यावर ती रिकाम्या खोलीकडे तोंड करून बसली. मी हाक मारली तरी वळली नाही.

संध्याकाळी दिवे लागले. सुंदर दिसत होतं, आणि मला त्याचाच संताप आला. तो नुसता पांढरा उजेड आळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक दारावर होता. कुरुमेहून, फुकुओकाहून पाहुणे आले होते, कुजबुजत, फोटो काढत चालत होते. कुझे म्हणाला, "बघितलंत? लोक आपोआप हळू बोलतायत." आपोआप! चहाच्या मळ्यांकडून आलेली एक म्हातारी आळीच्या तोंडाशीच थबकली. तिने मला विचारलं, "एवढे कसे गेले हो? बस उलटली का?" पोस्टमनने टोपी काढून हातात घेतली. उशिजिमा-सानांच्या बायकोने अशुभ बाहेरच राहावं म्हणून दाराशी मिठाचे ढीग घातले. बाकीचे आपल्याच घरात मागच्या दाराने जाऊ-येऊ लागले. माझ्या दुकानावरही एक टांगलेला होता. मी त्याच्याखालून जाताना मान खाली घालत होते.

तोमिएने वरच्या खिडकीची कागदी दारं ओढून घेतली होती. पण कागदाला उजेड अडवता येत नाही, ते तिला मी सांगायला नको. तिने मला नंतर सांगितलं, सेइगो-सान जागे झाले आणि त्या पांढऱ्या उजेडाकडे बघत बसले.

"बोन आहे का आज?"

"नाही हो. ऑक्टोबर आहे."

"मग कोण गेलं?"

"कोणी नाही. महोत्सव आहे."

त्यांनी खिडकीकडे बोट केलं. त्यांच्याच वळचणीचा कंदील कागदाच्या पलीकडे, अगदी हाताशी होता. तो वरपासून खालपर्यंत न्याहाळून ते म्हणाले, "अच्छा." दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसाठी कारागिरांची घरं उघडी होती. दुपारी तोमिए रस्ता ओलांडून माझ्याकडे धावत आली. इतक्या महिन्यांत मी तिचा असा चेहरा बघितला नव्हता.

"या, या लवकर! हे स्वतःहून कपडे मागतायत. काळा अंगरखा, घराण्याचं चिन्ह असलेला. खाली बसायचंय म्हणतात, लोकांसमोर!"

आम्ही दोघींनी मिळून त्यांना सजवलं. दाढी तिने केली. मी एका बाजूने धरलं, तिने दुसऱ्या, आणि एकेक पायरी करत त्यांना खाली आणून त्यांच्या जागेवर, चटईवर, मागे टेकू देऊन बसवलं. तिने एक कंदील मागे ठेवला होता, तोच ऑगस्टातला, पुन्हा पांढरा केलेला. तो त्यांच्यापुढे ठेवला. शाई घोटली. कुंचला डाव्या हाताशी ठेवला. "काढतील," ती माझ्या कानात म्हणाली. "लोक समोर असले की यांना चेव येतो. तुम्हाला माहीत आहे ना, किती बढाईखोर आहेत ते."

पाहुणे एकेक करून आत येऊ लागले, त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसू लागले. सेइगो-सानांनी कुंचल्याकडे बघितलं नाही. प्रत्येकासमोर त्यांनी डावा हात चटईला टेकवून खाली वाकून नमस्कार केला. काहीतरी बोलतही होते, हळू. पाहुणे भारावून गेले होते, तेही वाकत होते. कुझे दाराशी उभा राहून चित्रण करत होता.

मी जवळ सरकले तेव्हा मला ऐकू आलं.

"एवढ्या उन्हातून आलात," ते म्हणत होते. "मी होतो तोवर आपला फार लोभ होता. आभारी आहे."

हे शब्द आमच्याकडे घरचे लोक बोलतात, प्रेताशेजारी बसून, भेटायला आलेल्यांना. गेलेल्याच्या वतीने. स्वतःच्या तोंडाने कोणी स्वतःबद्दल बोलत नाही. पुढची बाई आली, तिच्यासमोरही तसंच वाकून, "मी होतो तोवर..." त्या बाईने डोळे पुसले आणि मैत्रिणीला म्हणाली, "काय सुंदर बोलतात ना जुनी माणसं!"

तोमिएने ऐकलं. ती शाईची वाटी हातात धरून तशीच उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली. "अहो, हे काय बोलताय?"

"तूही वाक," त्यांनी तिला दटावलं. "माणसं लांबून आलीयत माझ्यासाठी. बाहेर सगळ्या आळीने कंदील लावलेत. एवढं कोण करतं?"

तोमिएने वाटी खाली ठेवली आणि ती सरळ कुझेपुढे जाऊन उभी राहिली.

"कंदील काढा," ती म्हणाली.

कुझेला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. त्याने बाहेरच्या गर्दीकडे बघितलं. एवढ्या महिन्यांत तो आमच्यातच राहिला होता, थोडंफार शिकलाही होता. दातांतून श्वास ओढत तो म्हणाला, "आजी, आत्ता काढणं म्हणजे... जरा..."

"जरा नाही," तोमिए म्हणाली. "नाही. मला नकोत. आधीही नको होते. पांढरा कंदील मेलेल्याच्या घरावर लावतात. माझा माणूस जिवंत आहे. काढा."

तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. आवाज चढवलेली तोमिए मी तेवढी एकदाच ऐकली.

कुझेने वळचणीकडे बघितलं, मग रस्ताभर, एकेका दारावरून नजर फिरवत. त्याला एकेक कळत गेलं. "मला कोणीच का नाही सांगितलं?" त्याने विचारलं.

"सांगितलं होतं," ती म्हणाली आणि कंदील उतरवायचा बांबू घेऊन बाहेर पडली.

मग जे झालं त्याला काय म्हणावं! घराघरांतून माणसं आली, जणू दाराआड वाटच बघत होती. शिड्या निघाल्या. उशिजिमा-सान स्वतः स्टुलावर चढले आणि स्टूल कुरकुरलं तेव्हा मी म्हटलं, "आता श्वास ओढू नका, तुटेल ते." सगळे हसले. खरंच, आम्ही हसत होतो. पाहुण्यांनाही वाटलं असेल की हाही महोत्सवाचाच भाग. कुझे सगळ्यांत पुढे होता, उंच असल्यामुळे त्याला शिडीही लागत नव्हती, आणि प्रत्येक घरापुढे तो वाकून माफी मागत होता. आम्ही आळीच्या दूरच्या टोकापासून सुरुवात केली. एकेक दार मोकळं होत गेलं, आणि आम्ही तोमिएच्या घराकडे सरकत आलो. ऊन कलत होतं. शेवटचा, तिच्या वळचणीचा, तिने स्वतः काढला.

तो काखेत धरून ती आत शिरली, मी तिच्या मागे. गाल लाल झाले होते, केस सुटले होते, बिचारी किती खूश होती.

"बघा!" ती म्हणाली. "काढले सगळे. एकही ठेवला नाही."

सेइगो-सान उघड्या दारातून रस्त्याकडेच बघत होते. डाव्या हाताने अंगरख्याची दोरी बांधायचा त्यांचा प्रयत्न चालला होता.

"बघितलं मी," ते म्हणाले. "त्या टोकापासून काढत आलात. म्हणजे निघायची वेळ झाली."

आम्हा दोघींच्या तेव्हा लक्षात आलं. बोन संपला की कंदील उतरवतात, आणि कंदील उतरवले की आलेला परत निघतो. आमच्याकडच्या चार वर्षांच्या पोरालाही हे माहीत असतं. साऱ्या आळीने मिळून हौसेने, हसत हसत, त्यांना निरोप दिला होता.

"कुठे निघायची?" तोमिएने विचारलं. "अहो, हे तुमचं घर आहे."

ते तिच्याकडे बघून छान हसले, पाहुणा जेवणाचं कौतुक करताना हसतो तसे. डावा हात टेकवून वाकले. "फार केलंत," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

मी मोठ्याने म्हटलं, "पाय हलत नाही आणि निघाले म्हणे! बसा गुपचूप." कोणी हसलं नाही. तोमिए दाराकडे गेली, दार ओढलं, कडी लावली, आणि दाराला पाठ टेकून उंबऱ्यापाशी खाली बसली. मला म्हणाली, "तुम्ही मागच्या दाराने जा, इसोनो-सान. आणि तेही लावून घ्या बाहेरून."

मी लावून घेतलं. त्या रात्रीचं पुढचं मला तिच्याकडूनच कळलं. तिने त्यांना भात भरवायला घेतला तर त्यांनी नको म्हटलं, प्रवासात जड होतं म्हणाले. अंगरखा काढू दिला नाही. ती दाराशी आणि ते चटईवर, असे समोरासमोर बसून राहिले. एकदाही त्यांनी तिला बाजूला हो म्हटलं नाही. पहाटे गारठा वाढला तेव्हा त्यांचे हात गार लागले, म्हणून ती पाणी तापवायला स्वयंपाकघरात गेली. किटली घेऊन परत आली तेव्हा अंगरख्यातला देह चटईवरच टेकून बसलेला होता, ते निघून गेले होते.